दारी साल, घरी माल

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, बटाटा आपल्याकडे येऊन चांगला रुळला होता एवढं नक्की. एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात बटाट्याखेरीज दुसरं काही धड पिकत नसे. भात लावला तर वाऱ्यानं आडवा व्हायचा, ज्वारी पेरली तर धुक्यानं काळी पडायची. बटाटा मात्र मातीखाली निवांत पोसायचा. वर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आता जिथं घरोघरी एकच पीक, तिथं मोठा कोण आणि लहान कोण हे ठरवायचं कसं? आणि ते ठरवल्याशिवाय तर माणसाला घास गिळत नाही. म्हणून त्या गावानं एक माप शोधून काढलं. बटाटे सोलायचे आणि साली दाराच्या डाव्या हाताला टाकायच्या. ज्याचा ढीग उंच, त्याचं घर भरलेलं. गावात म्हणच पडली होती, ‘दारी साल, घरी माल.’ डोंगरावरच्या साऱ्या वाड्यावस्त्यांनी ही म्हण उचलली. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी डावीकडे बघायचे, मग मुलीकडे.

मोठेपणा सालीवर येऊन बसला म्हटल्यावर साल जाड होत गेली. आधी नखाएवढी होती, मग बोटाच्या पेराएवढी झाली. पाटलांच्या घरी तर लिंबाएवढा बटाटा सोलून झाला की हातात बोर उरायचं. ते बोर पाण्यात शिजवायचं, पाणी मोरीत ओतायचं आणि उरलेला पांढराशुभ्र गोळा तुपात परतून ताटात वाढायचा. सालीसकट बटाटा खाणं म्हणजे दरिद्रीपणा. गावातली बायामाणसं दुपारी भिंतीला टेकून बसलेली असायची. कुणाचे पाय ओढायचे, कुणाचं पोट चार चार दिवस साफ व्हायचं नाही. ढिगांवर राखण होती, पण राखणदाराचा डोळा लागला की शेळ्या साली ओढून न्यायच्या आणि गावातल्या शेळ्या कशा तुकतुकीत दिसायच्या. हे सगळं रोज डोळ्यांसमोर असून एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. कुणाच्या पडला असेल तर त्यानं तो झाकून ठेवला.

गावाच्या टोकाला हौसाबाई राहायची. तिचा नवरा रानात कोळसा पाडायचा. बोलायला फार कंजूष, आठवड्याला दोन वाक्यं झाली तरी त्याला दम लागायचा. शेत म्हणाल तर घोंगडीएवढं. त्यात जे बटाटे निघायचे त्यावर वर्ष काढायचं, म्हणजे सोलून फेकायला उरतंय काय? हौसाबाईच्या आईनं तिला बटाटा भाजायला शिकवलं होतं, आणि त्या भाजलेल्या बटाट्यावर, शेंगदाण्याच्या चटणीवर आणि ताकावर तिचं घर उभं होतं. नुसत्या बटाट्यावर माणूस जगत नाही, हेही आईनंच सांगितलं होतं.

तिच्या दारात डाव्या हाताला फक्त सारवलेली जमीन होती. स्वच्छ आणि रिकामी. गाव म्हणायचं, बिचारीची चूल पेटते की नाही देव जाणे.

या हौसाबाईला एक मुलगी होती, केशर. उंच, काटक, दोन कोळशाच्या पाट्या एकावर एक ठेवून डोंगर चढायची आणि वर येऊन पुन्हा हसायची. पण लग्नाचं वय झालं आणि एकामागून एक तीन स्थळं आली, तिन्ही दारातून परत गेली. पाहुणे यायचे, डावीकडे बघायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पाणीही न घेता वळायचे. पाणी घेतलं की बसावं लागतं आणि बसलं की जेवावं लागतं, असा रिवाज होता, म्हणून पाणीच नको. तिसऱ्या खेपेला केशर मागच्या दारी जाऊन रडली. हौसाबाईनं ते ऐकलं.

चौथं स्थळ दरीपलीकडच्या गावचं होतं. घर मोठं, आणि त्यांच्या दारातल्या ढिगाची कीर्ती तर चार डोंगर ओलांडून आलेली. मुलगा बियाण्याच्या बाजारात केशरच्या शेजारी पोतं उतरवत होता, तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, पण त्यानं घरी जाऊन हिचंच नाव सांगितलं. केशरनंही ‘असेल कुणीतरी’ म्हणत मान खाली घातली होती. आई होती हौसाबाई, तिला काय ते कळलं. हे स्थळ परत गेलं तर पोरीचं हसू परत यायचं नाही, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

निरोप आला की परवा दुपारी पाच माणसं येतील. तो ऐकून पाटलीणबाई स्वतः कोळशेवाल्याच्या घरी आल्या. बाई मनानं वाईट नव्हत्या. पाटलीणपण सोडलं तर तशा प्रेमळच.

“हौसा, दोन पाट्या साली माझ्याकडनं घेऊन जा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दारात टाक. सालीवर कुणाचं नाव लिवलेलं असतंय व्हय?”

हौसाबाईला आधी शरम वाटली, मग हायसं वाटलं. पाच जणांच्या नजरेला दोन पाट्या साली, एवढ्यानं जर पोरीचं भलं होत असेल तर कुणाचं काय बिघडतं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “तुला वाटंल ते कर.” त्याचं त्या आठवड्याचं एक वाक्य संपलं.

ठरल्या दिवशी सकाळीच हौसाबाईनं साली आणून डाव्या हाताला छान रचल्या. लांब उभं राहून बघितलं. घर एकदम भरल्यासारखं दिसायला लागलं. तिला स्वतःलाच क्षणभर वाटलं की आपण श्रीमंत आहोत.

मग ती आत येऊन स्वयंपाकाला बसली आणि तिथं घोटाळा झाला. दारात ढीग आणि ताटात सालीसकट बटाटा, हे कसं चालणार? पाहुणे काय आंधळे आहेत? ढीग मांडला म्हणजे सोलणं आलं, तेही ढिगाला शोभेल असं जाड सोलणं. टोपलीत बावीस बटाटे होते, मोसमातले शेवटचे. तिनं सुरी घेतली आणि एक सोलला. दुसरा सोलला. पाच सोलून झाले तेव्हा वाटीत बघितलं, तर वाटी अर्धीच भरलेली. ती तशीच बसून राहिली. बावीसचे बावीस सोलले तरी पाच पाहुण्यांना दोन दोन घास, आणि घरच्यांनी पाणी पिऊन झोपायचं. डोंगर चढून आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवायचं? तिच्या घरातून आजवर कुणी भुकेलं उठलं नव्हतं, हीच तर तिची एकुलती एक श्रीमंती होती.

केशर दारात उभी राहून हे बघत होती. ती आईजवळ येऊन बसली आणि तिनं सुरी काढून घेतली.

“आई, त्या ढिगावर मी त्या घरात गेले तर जन्मभर मला तसंच सोलावं लागंल. तुझ्या हातचं भाजणं मला येतंय, ते तिथं कुणाला दावायची सोय न्हाई राहणार.”

“आणि पाहुणे माघारी गेले तर?”

“तर रडंन,” केशर म्हणाली. “पण जेवून रडंन.”

हौसाबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. मग पदर खोचला, बाहेर गेली आणि दोन पाट्या साली पुन्हा भरून पाटलीणबाईंच्या दारी नेऊन ठेवल्या. पाटलीणबाई देवळात गेल्या होत्या, त्यामुळे बोलणं झालं नाही. परत येऊन तिनं डाव्या हाताची जमीन झाडली, वर शेणाचा हात फिरवला. पुढचं काम हातांना पाठ होतं.

उरलेल्या सतरा बटाट्यांची माती तिनं घोसाळ्याच्या वाळक्या जाळीनं घासून काढली, पार चकचकीत होईपर्यंत. साल खायची तर ती धुतलेली हवी, तिथं हयगय नाही. जिथं कोंब फुटला होता तो डोळा खोल कोरून काढला. एकाच्या कुशीला हिरवी झाक होती, तेवढी बाजू जाड कापून टाकली. हिरवा भाग कडू असतो आणि पोटाला बाधतो, तिथं काटकसर करायची नाही, ही आईची शिकवण. मग बटाटे फडक्यावर पसरून कोरडे केले, ओला बटाटा भाजत नाही, वाफलतो. बाभळीच्या काट्यानं प्रत्येकाला चार चार टोचे मारले, नाहीतर आतली वाफ कोंडून बटाटा निखाऱ्यावर फट्‌कन फुटतो. शेवटी करडईचं तेल आणि मीठ तळहातावर घेऊन एकेकाला चोळलं. सोललेल्या पाचांच्या साली वाया घालवायचा प्रश्नच नव्हता. त्या धुऊन, चिरून, तीळ घालून तव्यावर कुरकुरीत केल्या, आणि वाटीतल्या गोळ्यांचा लसणाच्या फोडणीत रस्सा केला.

केशरनं बापानं आणलेला खैराचा कोळसा पेटवला. ज्वाळा नाचायला लागल्या तसं कुणीही बटाटे टाकायची घाई करील, पण ही माय-लेकीची जोडी हात बांधून बसली. ज्वाळेवर बटाटा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली तेव्हा केशरनं लोखंडी जाळी ठेवली आणि बटाटे मांडले. एक बाजू खरपूस झाली की दुसरी. चारी अंगांनी रंग आला की जाळीवरून काढून कडेच्या ऊन राखेत सरकवले, म्हणजे पोटातून शिजतील. मध्येमध्ये उकरून बघायचं नाही. काडी टोचावी आणि ती लोण्यातून गेल्यासारखी पार जावी, एवढीच परीक्षा.

पाहुणे आले तेव्हा वास अंगणाबाहेर पोचला होता.

पाच जण होते. सगळ्यांत पुढं मुलाचे आजोबा, काठी टेकत, घामानं डबडबलेले. त्यांच्या मागं मुलाचा मामा, मग दोन भाऊबंद आणि सगळ्यांच्या मागं मुलगा, अंग चोरून. पाचही माना एकदम डावीकडे वळल्या. तिथं सारवलेली जमीन होती.

मामा थांबले. “दारात सालीचं नाव न्हाई,” ते म्हणाले. “आबा, फिरा मागं.”

हौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. सकाळी नेऊन ठेवलेल्या दोन पाट्या तिच्या डोळ्यांपुढं आल्या आणि तिला वाटलं, हौसा, तू स्वतःच्या हातानं पोरीचं वाटोळं केलंस. पण तिनं तांब्या मागं घेतला नाही.

“आबा, ढीग न्हाई, आणि कधी नव्हता,” ती म्हणाली. “आमच्यात साल टाकत न्हाईत, खातात. तुमच्या मनाला येत नसंल तर जावा, माझा राग न्हाई. पण डोंगर चढून आलाय, चार घास खाऊन जावा. जेवल्यानं सोयरीक बांधली जात न्हाई.”

मामांनी तोंड उघडलं होतं, पण म्हाताऱ्यानं काठी उंबऱ्याला टेकवली, तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायलं. संपला प्रश्न. पाणी घेतलं म्हणजे बसणं आलं.

केशरनं ताटं मांडली. बटाटे सुरीनं कापले नाहीत, मुठीनं दाबून उकलले, तसा आतला पिवळसर, दाणेदार गर दिसला आणि वाफ निघाली. वर लिंबू पिळलं, बाजूला हिरव्या मिरचीची आणि शेंगदाण्याची चटणी, वाटीत रस्सा, कुरकुरीत सालींची चिमूट आणि ताकाचा पेला. मामांनी बटाटा हातात धरून त्याची साल सोलायला घेतली. ती सुटेना, खरपूस होऊन गराला चिकटली होती. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तशीच तोंडात टाकली आणि मग बराच वेळ त्यांचं तोंड बोलायला मोकळं नव्हतं. मुलानं तर आधी सालच खाल्ली. केशरनं ते पाहिलं आणि पुढचा बटाटा न विचारता त्याच्या ताटात पडला.

आजोबा हळूहळू खात होते. एक झाला, दुसरा झाला. तिसरा घेऊ की नको अशा नजरेनं त्यांनी परातीकडे पाहिलं, तेव्हा केशरनं वाढला. तो संपला तसं त्यांनी ताट सरकवलं आणि पोटावरून हात फिरवला. ओसरीवरच्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण आता ते बोलणार होते. हौसाबाई दाराच्या फळीला धरून उभी होती.

“आमच्या दारातला ढीग माणसाच्या उंचीचा हाय,” आजोबा म्हणाले. “लोक लांबून बघायला येतात. त्या ढिगापायी गेली चाळीस वर्सं मी ताटावरनं अर्धपोटी उठतोय. बायको गेली माझी, तीबी अर्धपोटीच. ढीग कमी झाला तर लोक काय म्हणतील, म्हणून साल जाड काढायची आणि पोराबाळांना बोरं वाढायची. कुणाला सांगायची सोय न्हाई.”

मामांनी मान खाली घातली. भाऊबंदांनीही घातली. त्या तीन माना बघून हौसाबाईला कळलं की हे एकाच घरचं दुखणं नाही.

“आबा, साल पोट साफ ठेवते,” ती हळूच म्हणाली, “आणि सालीलगतचा पिवळा गर अंगी लागतो, असं माझी आई म्हणायची. मला त्यातलं शास्त्र ठाऊक न्हाई. माझी पोर तेवढी तुमच्यासमोर उभी हाय.”

म्हाताऱ्यानं केशरकडे पाहिलं, मग आपल्या नातवाकडे पाहिलं. नातू अजून खातच होता.

“विहीणबाई,” आजोबा म्हणाले, “पोर द्या. संगं काय देऊ नका. माझ्या घरी हिनं चूल हातात घ्यावी आणि मला रोज पोटभर वाढावं. ढिगाचं काय करायचं ते मी बघतो.”

विहीणबाई हा शब्द ऐकला आणि हौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. आत केशर परात घासायला म्हणून वळली आणि घासलेलीच परात पुन्हा घासत बसली. कोळशेवाल्यानं घसा साफ केला. सगळ्यांना वाटलं हा आता काहीतरी मोठं बोलणार. तो म्हणाला, “बरं झालं.” आणि खरंच बरं झालं होतं, यापेक्षा जास्त बोलायला उरलंही काय होतं.

पाहुणे दिवस कलायच्या आत खुशीत उतरले. मामा सगळ्यांत मागं राहिले होते, त्यांना निखाऱ्यांवर राखेची साय किती वेळानं धरते ते केशरच्या बापाकडून काढून घ्यायचं होतं.

सांजेला मागच्या दारी कुणीतरी कडी वाजवली. हौसाबाईनं उघडलं तर पाटलीणबाई. पदराखाली काहीतरी लपवलेलं. हौसाबाईला वाटलं, साली परत केल्याचा राग आला असणार, आणि तिनं माफी मागायला तोंड उघडलं. पण पाटलीणबाईंनी पदर बाजूला केला. आत आठ बटाटे होते, सालीसकट, घासून स्वच्छ धुतलेले.

“तुला दोन पाट्या भरून दिल्या ना,” त्या खाली बघत म्हणाल्या, “त्या भरून आमचा ढीग कमी दिसू नये म्हणून काल साल आणखी जाड काढली. पोरं रात्री उपाशी निजली. हौसा, निखारे हायत का गं अजून?”

हौसाबाईनं राख बाजूला सारली, खाली निखारे धगधगत होते. तिनं बाभळीचा काटा पाटलीणबाईंच्या हातात दिला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. भाजून झाल्यावर त्यातला पहिला बटाटा पाटलीणबाईंनी तिथंच, चुलीपुढं बसून, सालीसकट खाल्ला. उरलेले सात गरम गरम पदरात बांधून त्या घरी निघाल्या, आणि यावेळी पुढच्या दारानं गेल्या.

यातून घ्यायचं ते तात्पर्य एवढंच: लोकांनी बघावं म्हणून जे आपण दाराबाहेर रचतो, ते आपल्याच लेकराबाळांच्या ताटातून गेलेलं असतं.